माकडटोपी काढल्यावर काय बोलणार?

ताई,
मी नागपुरात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्याच हॉस्टेलला राहते. आमचं गेट साडेसातला बंद होते, पोट्ट्यांचं साडेदहाला. लायब्ररी दहापर्यंत उघडी असते, पण ती आमच्या काय कामाची? मागच्या महिन्यात बस लेट झाली म्हणून माझ्या रूममेटला पाऊण तास गेटाबाहेर उभं ठेवलं, वरून घरी फोन. त्याच रस्त्यावर दोन पोट्टे बाईकवर तिच्या मागे मागे आले होते. ते सांगितलं तर वॉर्डन म्हणतात, म्हणूनच तर साडेसातचा नियम आहे. तीन अर्ज देऊन झाले, काही नाही.
आता आम्ही पाच जणी रशियाच्या पुसी रायट या बायकांच्या पंक बँडसारखं करून राहिलो. रंगीत माकडटोप्या घालायच्या, संस्थेचे अध्यक्ष ज्या मंदिराच्या ट्रस्टवर आहेत तिथं संध्याकाळच्या आरतीत घुसायचं, मिनिटभर गाणं म्हणायचं, व्हिडिओ काढून पळायचं. डिसेंबरात, अधिवेशनाच्या वेळी, म्हणजे मीडिया इथंच असते. गाण्याच्या ओळी सोबत पाठवल्या आहेत. पण आमच्यातली एक, गडचिरोलीकडची, मागे हटली. आम्ही तिला फट्टू म्हटलं, तेव्हापासून ती बोलत नाही. आमचं चुकून राहिलं का? आणि घरी सांगायचं का? पप्पा सरकारी नोकरीत आहेत.
– गेटाबाहेरची, नागपूर

प्रिय गेटाबाहेरची,

पत्र वाचून संताप आला. मागे लागलेले दोघे मोकळे फिरतात आणि जिच्या मागे लागले तिला कुलपात ठेवतात, याला सुरक्षा म्हणायला मी तयार नाही. तुमची मागणी रास्त आहे, आणि ती कागदावरही पक्की आहे. उच्च शिक्षणसंस्थांतल्या लैंगिक छळाला आळा घालण्यासाठी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, ‘विनियम २०१५’ आहेत. विद्यार्थिनींच्या सुरक्षेचं कारण पुढे करून वसतिगृहात मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम मुलींवर लादता येणार नाहीत, असं त्यांत स्वच्छ लिहिलं आहे. अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे आणि विद्यार्थ्यांच्या प्रकरणात तिच्यावर विद्यार्थ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी हवेत, हेही त्यातच आहे. तुमच्या तीन अर्जांत या विनियमांचं नाव होतं का? नसेल तर चौथा अर्ज लिहा, त्यात ते कलम जसंच्या तसं उतरवा, समितीच्या सदस्यांची नावं लेखी मागा आणि आवक-जावकचा शिक्का मारलेली पोच घ्या. २०१५ साली दिल्लीच्या जामिया मिलिया विद्यापीठाने मुलींची रात्री उशिरा बाहेर राहण्याची सवलत काढून घेतली आणि त्यातून तिथं ‘पिंजरा तोड’ हे विद्यार्थिनींचं आंदोलन उभं राहिलं. हॉस्टेलच्या गेटाची लढाई या देशात तुमच्या आधी सुरू झालेली आहे.

आता मंदिर. तिथं जाऊ नका.

पुसी रायटचं काय झालं ते नीट बघ, कारण तुम्ही त्यातली टोपी उचलली आणि बाकीचं तिथंच ठेवलं. २१ फेब्रुवारी २०१२ ला मॉस्कोच्या क्राइस्ट द सेव्हियर कॅथेड्रलमध्ये या बायका वेदीसमोरच्या भागात चढल्या. ४ मार्चला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख उघडपणे पुतीन यांच्या बाजूने बोलत होते. म्हणून त्यांनी प्रार्थनेचीच चाल धरली आणि पुतीनला घालव असं मेरीमातेला साकडं घातलं. चर्च आणि सत्ता यांची सोयरीक हाच त्यांचा विषय होता, त्यामुळे ती जागा त्यांच्या बोलण्याचाच भाग होती. गाणं बाजूला ठेवलं तरी तिथं उभं राहण्याला अर्थ होता.

तुमचं तसं नाही. तुमचं भांडण अध्यक्षांच्या देवाशी नाही, त्यांच्या खुर्चीशी आहे, आणि ती खुर्ची कॉलेजात आहे. आरतीला आलेल्या आजीला, दाराशी हार विकणाऱ्या बाईला साडेसातच्या कुलपाचं काय माहीत? त्यांना एवढंच कळेल की तोंड झाकलेल्या पोरी आल्या आणि आरती मोडली. दुसऱ्या दिवशी बातमी येईल ‘मंदिरात गोंधळ’. तिच्यात साडेसात नसेल, लायब्ररी नसेल, बाईकवरचे दोघे नसतील. अध्यक्षांना तर सुटल्यासारखं होईल, कारण ज्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नाही तो प्रश्नच पुसला जाईल. वर कायदा आहेच. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९, धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावल्याबद्दल, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, अजामीनपात्र. कलम ३००, धार्मिक कार्यात अडथळा, एक वर्षापर्यंत. ही कलमं तुम्हाला लागू होतात की नाही याचा निकाल कोर्ट सावकाश देईल. तोवरची धावपळ मात्र तुमचीच.

आणि टोपी. त्या दिवशी कॅथेड्रलमध्ये मिनिटभरही धड गाता आलं नाही, रखवालदारांनी ओढून बाहेर काढलं. जगाने पाहिला तो व्हिडिओ नंतर जोडलेला, दुसऱ्या एका चर्चमधलं चित्रण घालून, वर आवाज चढवून. त्यातल्या तिघी मार्चमध्ये पकडल्या गेल्या: नादेझ्दा तोलोकोन्निकोव्हा, मारिया अल्योखिना आणि येकातेरिना सामुत्सेविच. बाकीच्या हाती लागल्या नाहीत. १७ ऑगस्टला तिघींना दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली. ऑक्टोबरमध्ये अपिलात सामुत्सेविच सुटली, कारण तिची गिटार बाहेर येण्याआधीच रखवालदाराने तिला बाजूला नेलं होतं, असं तिच्या वकिलाने मांडलं. उरलेल्या दोघी श्रमवसाहतीत गेल्या. दोघींची मुलं लहान होती. तोलोकोन्निकोव्हाने २०१३ च्या सप्टेंबरात तिथून पत्र लिहिलं की बायकांना दिवसाला सोळा-सतरा तास शिवणकामाला जुंपतात, आणि ती उपोषणाला बसली. डिसेंबर २०१३ मध्ये माफी मिळून दोघी सुटल्या, तेव्हा शिक्षा संपायला थोडेच महिने उरले होते. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने रशियाला दोषी धरलं ते २०१८ साली.

टोप्या सारख्या, गाणं एकच, आणि भोग मात्र प्रत्येकीचे निराळे. कोण पकडली गेली, कोण निसटली, कुणाची शिक्षा माफ झाली, कुणाचं मूल घरी राहिलं, यातलं काहीही टोपीने ठरवलं नाही.

आता तुमच्या मैत्रिणीबद्दल. तुमच्यातल्या एखादीचे काका धरमपेठेत वकील असतील, तिच्यासाठी पोलीस स्टेशन म्हणजे एका संध्याकाळचा मनस्ताप. गडचिरोलीहून आलेल्या मुलीचं काय काय पणाला लागतं ते तुम्ही कधी एका कागदावर मांडलंत का? शिष्यवृत्ती, हॉस्टेलची जागा, निलंबन झालं तर नागपुरात डोकं टेकायला दुसरं छप्पर, उद्या सरकारी भरतीत चारित्र्य पडताळणी, आणि ‘पोरीला शहरात पाठवून बिघडवली’ म्हणणारं गाव. तिने हा हिशेब केला. तुम्हा चौघींनी केला नाही, कारण तुम्हाला करावा लागत नाही. तुमचं चुकलं, होय. आज तिच्या खोलीत जा आणि माफी माग, पण माफीला शेपूट लावू नको. ‘बरं, मग नुसती व्हिडिओ तरी काढ’ असं तिथं म्हणायचं नाही. तिला काही करावंसं वाटलं तर ते तिने निवडावं, नाही वाटलं तरी ती तुमची मैत्रीणच. जी तुमच्यासोबत उभी राहू शकत नाही तिच्यासाठीही गेट उघडायचं आहे. नाहीतर हा स्त्रीवाद फक्त ज्यांना परवडतो त्यांचा होईल.

तिच्याच भागातली एक गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत असायला हवी. देसाईगंज आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, १९७२ साली तो चंद्रपूरचा भाग होता. त्या वर्षी तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर एका पोलिसाने बलात्कार केला आणि दुसऱ्याने तिचा विनयभंग केला. जग तिला मथुरा या नावाने ओळखतं. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, आपल्या नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. मुलीने आरडाओरड केली नाही, अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा तो निकाल. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं आणि १९८० मध्ये बायका ठिकठिकाणी रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला, कोठडीतल्या बलात्काराची वेगळी तरतूद आली. नुसतं पत्र असतं तर ते फाइलीत पडलं असतं. नुसता रस्ता असता तर कायद्यात नेमकं काय बदलायचं हे कुणी लिहून दिलं नसतं. त्याच १९८३ साली मुंबईच्या स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ उभं केलं आणि ते नाटक वस्त्यांमधून, गावांमधून वर्षानुवर्षं फिरलं. फार काही नेपथ्य नाही, बायकाच गाणाऱ्या, बायकाच नाचणाऱ्या. जे तुम्ही मॉस्कोत शोधता आहात त्यातलं बरंच मराठीत आधीपासून आहे.

म्हणून सांगते, करा. पण जिथं कुलूप लागतं तिथं करा.

तुमच्या गेटासमोर, साडेसातच्या ठोक्याला. चौकीदार साखळी ओढतो, कुलूप खटकन बसतं, त्याच क्षणी तुमचं गाणं सुरू व्हायला हवं. हातात लायब्ररीचं ओळखपत्र. माकडटोप्या कशाला मागवता? मे महिन्यात सिग्नलला उभी राहून बघ. पंचेचाळीस डिग्रीत स्कूटीवरच्या झाडून साऱ्या मुलींची तोंडं स्कार्फने बांधलेली, फक्त डोळे उघडे, हातात कोपरापर्यंत मोजे. या शहरात चेहरा झाकलेली मुलगी रोज हजारोंनी दिसते आणि कुणी मागे वळून बघत नाही. तोच स्कार्फ एका संध्याकाळी गेटासमोर तीस-चाळीस जणींनी बांधला की बघावंच लागेल. पाचाच्या तीस-चाळीस व्हायला वेळ लागेल, लागू दे. मेसमध्ये बोला, खोल्याखोल्यांत जा.

चिलीच्या वाल्पाराइसो शहरातल्या लास तेसिस या चार जणींच्या गटाकडे बघ. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांनी डोळ्यांवर काळ्या पट्ट्या बांधून बलात्काराविरुद्ध एक समूहगान सादर केलं. पावलं अगदी सोपी, शब्द कुणालाही जोरात म्हणता येतील असे, आणि बोट पोलिसांकडे, न्यायाधीशांकडे, सरकारकडे रोखलेलं. काही दिवसांत ते देशोदेशीच्या बायका आपापल्या चौकात करू लागल्या. डिसेंबरात सांतियागोच्या राष्ट्रीय स्टेडियमबाहेर वयस्क बायका हजारोंनी जमल्या. १९७३ च्या लष्करी उठावानंतर याच स्टेडियममध्ये माणसं कोंडून ठेवली होती. पिकल्या केसांच्या बायका तिथं डोळे बांधून उभ्या राहिल्या. पाच शूर मुलींचं एकदाच करून पळायचं काम आणि कुणालाही उचलून नेता येईल असं काम, यांतलं दुसरं मला जास्त मोलाचं वाटतं.

तुमचं गाणं मी वाचलं. ‘पितृसत्तेच्या बुरुजांना आम्ही सुरुंग लावू’ ही ओळ काढून टाका. अशी ओळ कुणीही, कुठल्याही शहरात लिहील आणि अध्यक्षही तिला टाळ्या देतील. पण तिसऱ्या कडव्यात तुम्ही लिहिलंय:

साडेसातला कुलूप, लायब्ररी दहा,
तो बाईकवर मोकळा, तू आतमधी राहा!

हेच तुमचं गाणं. यावरच थांबा, हेच दहा वेळा म्हणा. पंकची गंमतच ती आहे की तीन स्वर येत असले तरी पुरतात, गळा गोड नसला तरी चालतो, पण सांगायचं ते नेमकं असावं लागतं. ‘आतमधी’ला आवाज तोडा आणि ‘राहा’वर सगळ्यांनी थाळी वाजवा. डफडं वाजवणारी कुणी मिळाली तर उत्तम. माइक नको. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि पहिली हरकत तिथूनच येईल.

तुला नागपुरातच आणखी एक गोष्ट सापडेल. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, काळी-पिवळी मारबत निघते, बाईच्या रूपातले भलेमोठे पुतळे. काळी १८८१ पासून निघते असं सांगतात. तिच्यासोबत मोहल्ल्यामोहल्ल्याचे बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, असतात. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, नेत्यांचे बडगे, आणि सगळं शहर ओरडतं, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!’ सत्तेला भर रस्त्यात नाव घेऊन सुनावण्याची ही आपली रीत आहे आणि तिला कुणी परकी म्हणू शकत नाही. मला त्यात एक गोष्ट सतत टोचते: शहराची सगळी पीडा अंगावर घेणारी बाई आणि शेवटी जाळली जाणारीही बाईच. ते तुम्ही उलटवू शकता. पुढच्या मारबतीला तुमच्या हॉस्टेलचा बडग्या करा, पुरुषभर उंचीचं कुलूप, पुठ्ठ्याचं, छातीवर ७.३० लिहिलेलं. हा माझा आवडता मार्ग आहे आणि यात सगळं नागपूर तुमच्या बाजूने ओरडेल.

अधिवेशनात मात्र टोप्या-स्कार्फचं काही करू नका. त्या दिवसांत विधानभवनाच्या दिशेने रोज मोर्चे निघतात, टेकडी रोडला, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवले जातात, यशवंत स्टेडियमला लोक धरण्याला बसतात, राज्यभरातून पोलीस आलेले असतात. त्या गर्दीत तुम्ही पाच जणी एक तर हरवाल किंवा कुणाच्या तरी गाडीत जाल. अधिवेशन कागदासाठी वापरा. चौथ्या अर्जाची प्रत आणि यूजीसीचं कलम घेऊन आपापल्या मतदारसंघाच्या आमदारांना भेटा. गडचिरोलीच्या, वर्ध्याच्या, चंद्रपूरच्या, यवतमाळच्या मुली असतील तर तितके आमदार. वसतिगृहांच्या वेळांवर एकाने तारांकित प्रश्न लावला, ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात द्यावं लागतं, किंवा औचित्याचा मुद्दा मांडला तरी तुमच्या अध्यक्षांकडे विचारणा होऊ शकते.

गेटासमोर उभं राहण्याआधी थोडी तयारी हवी. स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवा आणि त्याचीही पोच घ्या. जमावबंदीचा आदेश सुरू आहे का ते विचारा, कारण तो बहुधा पाच किंवा अधिक जणांसाठी असतो आणि तुम्ही तर पाचच्या वर असाल. रस्ता अडवू नका, कडेला उभ्या राहा. एकीने गायचं नाही, फक्त चित्रण करायचं, आणि तेही असं की वॉर्डनचा शब्द न् शब्द ऐकू येईल. पोलिसांनी नेलंच तर लक्षात ठेवा: सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही, अपवाद करायचा तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. तुमचा कार्यक्रम साडेसातला आहे, तेव्हा हे पाठच करा. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १५१०० हा नंबर प्रत्येकीने हातावर लिहावा, फोन काढून घेतला तरी हात राहतो.

आणि गाण्याच्या तालमीआधी दुसरी एक तालीम करा. व्हिडिओ बाहेर गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही प्राचार्यांच्या केबिनमध्ये असाल, स्कार्फशिवाय. ज्या हॉस्टेलात रोज हजेरी घेतात तिथं तुमचे आवाज ओळखायला कितीसा वेळ लागणार? एकीने प्राचार्य व्हावं आणि प्रत्येकीला एकटीला समोर बसवून विचारावं: कुणाच्या सांगण्यावरून केलं? माफीनामा लिहून देतेस का? बाकीच्यांची नावं सांग. तोलोकोन्निकोव्हा आणि अल्योखिना यांची कोर्टातली शेवटची निवेदनं जगभर वाचली गेली. काचेच्या पेटीत, चेहरा उघडा, हाती कागद. जे गाण्यात धड ऐकूही आलं नव्हतं ते त्यांनी तिथं सावकाश, मुद्देसूद सांगितलं. तुमच्यातल्या जिला केबिनमध्ये दोन वाक्यं नीट बोलता येणार नाहीत, तिने गेटासमोर उभं राहू नये. तिला दुसरं काम द्या.

घरी सांगायचं का? सांगायचं, आणि आधी सांगायचं. वॉर्डनकडे तुमच्याविरुद्ध खरं हत्यार एकच आहे, घरी केलेला फोन. तो फोन जाण्याआधी सगळं पप्पांनी तुझ्या तोंडून ऐकलेलं असलं की त्याची धार गेली. हॉस्टेलच्या वेळेसाठी मुलगी शांतपणे गेटासमोर उभी राहिली एवढ्याने त्यांच्या नोकरीवर काही येणार नाही, पण ऑफिसात कुजबुज होईल आणि तिची झळ त्यांनाच लागेल. म्हणून विचारण्याचा, चिडण्याचा त्यांना हक्क आहे. चिडू दे. यूजीसीचं कलम त्यांच्यासमोर ठेव, सरकारी माणसाला परिपत्रकाची भाषा लवकर कळते. रूममेटला पाऊण तास बाहेर उभं ठेवलं ते आईला सविस्तर सांग, बाईकवरच्या दोघांसकट. मग दोघांनाही एकच माग: चौथ्या अर्जावर पालक म्हणून सही. पाचही घरांतून नाही आल्या तरी चालेल. ज्या येतील त्या जोडा, अर्ज द्या, पंधरा दिवस वाट बघा, आणि मग गेटाची तारीख ठरवा.

– ताई